खारे पाणी, गोडे पाणी : मुंबई शहर आणि चमत्कारावरील श्रद्धा

संस्थानच्या कार्यालयात देणगीची पावती घेताना अनेक भाविक एक प्रश्न हमखास विचारतात, "साहेब, इथे चमत्कार होतात ना?" विचारणाऱ्यांत मुंबईकर अधिक असतात. कोकणातील इतर देवस्थानांप्रमाणे आपल्याकडेही निम्म्याहून अधिक यात्रेकरू त्या शहरातूनच येतात. खिडकीपाशी रांग असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देता येत नाही. प्रस्तुत लेख त्या भाविकांच्या माहितीसाठी लिहिला आहे. यात आपल्या देवस्थानाचे माहात्म्य नाही, ते पुस्तिकेच्या आरंभी दिलेलेच आहे. ज्या शहरातून आपण आलात त्या शहराने चमत्कारावर कशी श्रद्धा ठेवली आणि त्या श्रद्धेत त्याचा इतिहास कसा साठून राहिला, एवढाच येथे विषय आहे.

मुंबई मुळात सात बेटांची. भरतीच्या वेळी महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खिंडारातून समुद्र आत शिरे व सखल भाग पाण्याखाली जाई. पायधुणी हे नावच सांगते की तेथे येणारा माणूस चिखलाचे पाय धुऊन पुढे जात असे. हे खिंडार बुजविण्याचे काम गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७७१ ते १७८४ या काळात झाले. या बांधाला पुढे 'हॉर्नबी वेलार्ड' म्हणू लागले.

महालक्ष्मीच्या मंदिराची कथा या बांधाशी जोडलेली आहे. बांध घालावा आणि समुद्राने तो मोडून टाकावा, असे पुन्हा पुन्हा होऊ लागले. तेव्हा कामावरील पाठारे प्रभू ज्ञातीतील रामजी शिवजी यांना देवीने स्वप्नात दृष्टांत दिला की, आम्ही समुद्राच्या तळाशी आहोत, आम्हाला आधी बाहेर काढ. शोध घेता महालक्ष्मी, महाकाली व महासरस्वती यांच्या मूर्ती हाती आल्या, त्यांची स्थापना झाली आणि मग बांध टिकला. कथेचे तपशील सांगणाऱ्यागणिक थोडे बदलतात, पण सूत्र हेच.

या कथेकडे थोडे निराळ्या दृष्टीने पाहावे अशी विनंती आहे. इतिहासाच्या पुस्तकांत बांध हॉर्नबीचा आहे. प्रत्यक्षात खाडीच्या तोंडावर उभे राहून दगड कोठे टाकायचा हे ठरविणाऱ्या एतद्देशीय माणसाचे नाव मात्र केवळ या चमत्काराच्या कथेमुळे लोकांच्या तोंडी राहिले. पुढे त्या रस्त्यालाही लाला लजपतराय यांचे नाव मिळाले व हॉर्नबी पाटीवरून उतरले. रामजी शिवजी कथेत आहेत तसेच आहेत. ज्या मजुरांनी दगड वाहिले त्यांची नावे मात्र इतिहासातही नाहीत आणि कथेतही नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

त्याच किनाऱ्यावर, महालक्ष्मीपासून हाकेच्या अंतरावर, हाजी अली यांचा दर्गा आहे. तेथील परंपरा सांगते की, मक्केच्या वाटेवर असताना संतांचे देहावसान झाले आणि त्यांची शवपेटिका तरंगत येऊन वरळीच्या खडकांना लागली. दर्ग्याचा काळ परंपरेने १४३१ हा धरला जातो. थोडे उत्तरेस वांद्र्याच्या टेकडीवर 'मोत माऊली' आहे. तिच्या मूर्तीविषयीची कथाही समुद्राचीच. चाच्यांच्या हल्ल्यानंतर नाहीशी झालेली मूर्ती एका कोळ्याला स्वप्नात दिसली व पुढे ती समुद्रात सापडली, असे तेथील लोक श्रद्धेने सांगतात. आजची इमारत १९०४ सालची आहे. ८ सप्टेंबरच्या सुमारास भरणाऱ्या तिच्या जत्रेत सर्व धर्मांचे लोक मेणाचे हात, पाय, बाळे, घरे वाहतात.

तीन धर्मांची तीन स्थाने आणि तिन्ही कथांत समुद्राने काहीतरी आणून दिले आहे. कोणी कोणाची कथा उसनी घेतली, असा वाद घालण्यात अर्थ नाही. ज्यांचे सारे आयुष्य भरती-ओहोटीवर चालते, ज्यांची होडी एखाद्या दिवशी परत येत नाही, त्या कोळी, आगरी, भंडारी लोकांना समुद्र घेतो आणि क्वचित देतो, हे कोणी शिकवावे लागत नाही. मुंबईची आद्य देवता मुंबादेवी ही कोळ्यांचीच. तिचे मूळ स्थान आजच्या बोरीबंदराच्या परिसरात होते. किल्ल्याच्या विस्तारापायी अठराव्या शतकात तिला तेथून हलवून आताच्या जागी यावे लागले. शहर वाढले की आधी गरिबाला जागा सोडावी लागते. येथे त्याच्या देवीलाही ती सोडावी लागली.

गोडे पाणी

चारी बाजूंनी समुद्र असलेल्या या बेटांवर खरी दुर्मीळ गोष्ट होती ती पिण्याचे पाणी. त्यामुळे समुद्राकाठी जेथे गोडे पाणी लागले तेथे देवत्व आले. वाळकेश्वरी बाणगंगेचे तळे समुद्रापासून अगदी जवळ असूनही त्याचे पाणी गोडे आहे. सीतेच्या शोधात निघालेल्या प्रभू रामचंद्रांना तहान लागली असता बाण मारून येथे गंगा आणली, अशी आख्यायिका आहे. चर्चगेटजवळ भिखा बेहराम यांची विहीर आहे. एका पारशी सद्गृहस्थाने ती १७२५ मध्ये खोदविली. समुद्र त्या काळी आजच्याहून बराच जवळ होता, तरी पाणी गोडे लागले. पारशी बांधव आजही तेथे दिवा लावून प्रार्थना करतात.

१८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत आले. नंतर तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा. नळ आला तरी विहिरी राहिल्या, आणि त्यांच्यावरची श्रद्धाही राहिली. तिची खरी कसोटी लागली ती हिवतापाच्या वेळी. हिवताप पसरविणारे डास शहरातील विहिरींत वाढतात असे डॉ. बेंटली यांच्या १९११ च्या पाहणीत दिसून आले आणि नगरपालिकेने विहिरी बुजविण्याच्या अथवा झाकण्याच्या नोटिसा काढल्या. त्यावर जे अर्ज आले त्यांत कायद्याच्या हरकती होत्या, तशा धर्माच्याही होत्या. विहिरीत सत्पुरुषाचा वास आहे, ती बुजविली तर घरावर अरिष्ट येईल, असे लोक कळवू लागले.

हे सर्व आपल्याला ठाऊक आहे ते रुस्तम पेस्तनजी मसानी यांच्यामुळे. ते मुंबई नगरपालिकेचेच अधिकारी होते. आलेल्या हरकती फायलीत बांधून ठेवून ते मोकळे झाले असते तर कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी या समजुती गोळा केल्या, इतर देशांतील जलपूजेशी त्यांची तुलना केली आणि १९१८ मध्ये विहिरींच्या लोकश्रद्धांवर एक स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रस्तुत लेखक स्वतः कार्यालयीन पत्रव्यवहारात आयुष्य घालविणारा असल्याने त्याला या गोष्टीचे विशेष अप्रूप वाटते. मसानींचा प्रश्न सोपा नव्हता. एकीकडे तापाने फणफणणारी मुले होती, दुसरीकडे पिढ्यान्‌पिढ्या दिवा लावलेली विहीर होती. लोकांना मूर्ख न म्हणता झाकण बसवायचे होते.

नव्वद वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. १८ ऑगस्ट २००६ रोजी माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोड झाल्याची वार्ता पसरली. हा माहीमच्या मखदूम बाबांचा प्रसाद असे म्हणत हजारो लोक रात्रीच किनाऱ्यावर धावले, पाणी प्याले, बाटल्या भरून घरी नेल्या. मुलांनाही पाजले. महापालिकेने आणि आरोग्य विभागाने हे पाणी दूषित आहे, पिऊ नये, असे वारंवार बजावले. तज्ज्ञांनी सांगितलेले कारण साधे होते. पावसाळ्यात मिठी नदीचे पाणी मोठ्या प्रमाणात माहीमच्या खाडीत येते आणि गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर काही काळ थर धरून राहते. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा खारट लागू लागले.

मिठी नदीचे नाव वाचून अनेकांना २६ जुलै २००५ आठवले असेल. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि याच नदीने काठच्या वस्त्यांत शेकडो संसार धुऊन नेले. त्या घटनेला जेमतेम वर्ष झाले होते. ज्या पाण्याने एका वर्षी घर बुडविले तेच पाणी पुढच्या वर्षी गोड झाले असे ऐकल्यावर माणूस ओंजळ पुढे करतो, यात नवल वाटू नये. तरीही त्या पाण्यात शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांचा मळ होता, हे तितकेच खरे.

साथ आणि अफवा

श्रद्धा आणि भीती यांचे नाते किती जवळचे आहे हे १८९६ च्या प्लेगने दाखविले. सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात पहिले रोगी आढळले आणि हा प्लेगच आहे असे निदान डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी केले. ते मूळचे गोव्यातील हडफडे गावचे. त्यांचा पुतळा मुंबईत धोबीतलाव येथे आहे. ऑक्टोबरात राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले (ते चापेकर बंधूंचे कृत्य असल्याचे पुढे कळले) आणि अफवा उठली की अपमानाने संतापलेल्या राणीला मुंबईकरांची काळजे हवी आहेत, म्हणूनच माणसांना धरून रुग्णालयात नेतात. महिनाअखेर गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. आज ही समजूत हास्यास्पद वाटते. पण ज्या राजवटीचे शिपाई घरात शिरून आजारी बायकामुलांना ओढून नेत, तिच्याविषयी लोकांच्या मनात काय होते ते या अफवेइतके स्पष्ट कोणत्याही सरकारी अहवालात सापडणार नाही.

१८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजारांवर होती, ती १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आली. याच काळात डॉ. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक मंदिरांत आणि दर्ग्यांत जात होते, ख्रिस्ती वस्त्यांच्या वेशीवर क्रूस उभे राहत होते, आणि हळूहळू लसही टोचून घेतली जात होती. माहीमला शीतलादेवीचे मंदिर आहे. ही देवीच्या रोगाची अधिष्ठात्री. १९८० मध्ये जगातून देवीचा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. मंदिरातील गर्दी काही नाहीशी झाली नाही. आया आजही लेकरांना घेऊन जातात. लस टोचून झालेल्या लेकरांनाच नेतात.

नवसाचा हिशेब

मुंबईच्या चमत्कारांची खरी नोंद नवसांत आहे. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाचे मंदिर १९ नोव्हेंबर १८०१ रोजी बांधून झाले. बांधणारे लक्ष्मण विठू पाटील, आणि पैसा देणाऱ्या देऊबाई पाटील. देऊबाई निपुत्रिक होत्या. आपल्याला मूल झाले नाही, निदान येथे येणाऱ्या इतर स्त्रियांची कूस उजवावी, ही त्यांची इच्छा होती. मंगळवारी तेथे लागणारी रांग आपण पाहिली असेल. त्या रांगेचा आरंभ ज्या बाईपासून झाला तिचे स्वतःचे मागणे पुरे झालेले नव्हते.

'नवसाला पावणारा' म्हणून ज्याची ख्याती आहे त्या लालबागच्या राजाची गोष्ट तर बाजाराची आहे. १९३२ मध्ये पेरू चाळीतील बाजार बंद झाला आणि तेथील कोळी व किरकोळ विक्रेते उघड्यावर आले. आम्हाला धंद्याला कायमची जागा मिळू दे, असा त्यांनी गणरायाला नवस केला. स्थानिक पुढाऱ्यांनी खटपट केली, राजाबाई तय्यबअली यांनी जागा दिली, बाजार उभा राहिला आणि नवस फेडण्यासाठी १९३४ मध्ये तेथे गणपती बसला. एका मुसलमान मालकाची जागा, कोळणींच्या पाट्या आणि मध्ये गणपती, अशी ही मूळ हकीकत आहे. मागणे एकट्याचे नव्हते, साऱ्या बाजाराचे होते. आज रांगेत उभा राहणारा प्रत्येक जण आपापले एकट्याचे मागणे घेऊन उभा असतो, हा फरक मात्र झाला आहे.

माहीमच्या चर्चमध्ये बुधवारी होणाऱ्या नोव्हेनाला हिंदू स्त्रिया नऊ बुधवार जातात आणि गिरणगावातला चाकरमानी मुंबईतल्या देवांना नमस्कार करून अखेर कौल मात्र गावच्या देवीचाच घेतो, हेही सर्वांच्या परिचयाचे आहे.

येथे थोडे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. प्रस्तुत लेखकाचे वडील परळच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या वर्षी आईने गावच्या देवीला नवस केला की गिरणीचा भोंगा पुन्हा वाजू दे. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, आणि आमच्या गिरणीचा भोंगा काही वाजला नाही. तरीही चार वर्षांनी आईने ओटी भरून नवस फेडला. वडिलांनी विचारले, "कशाबद्दल?" ती म्हणाली, "पाचही जण जिवंत आहोत ना." वडील त्यावर काही बोलले नाहीत. आम्ही भावंडेही बोललो नाही.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता देशभर पसरली, तेव्हा मी मुंबईतच एका कचेरीत कारकून होतो. पितृपक्ष चालू होता. दुपारी आईचा निरोप आला म्हणून अर्ध्या रजेचा अर्ज टाकून मी दुधाची वाटी घेऊन रांगेत उभा राहिलो. माझ्या चमच्यातले दूध गेले. अंगावर काटा आला, हे मी नाकारीत नाही. शास्त्रज्ञांनी नंतर दाखवून दिले की द्रवाच्या पृष्ठताणामुळे दूध चमच्याच्या कडेवरून मूर्तीच्या पृष्ठभागावर ओढले जाते आणि पातळ थराने खाली ओघळते. दुधात रंग घातला की तो ओघळ स्पष्ट दिसतो. हे वाचण्याआधीच मी मंदिराच्या मोरीतून वाहणारे दूध पाहिले होते. रांगेतल्या एका बाईंनी लहान मुलाच्या वाट्याचे दूध आणले होते, तेही त्यात होते. लंडनमधील साउथॉलपर्यंत त्या दिवशी रांगा लागल्या होत्या. अवघ्या दोन-अडीच वर्षांपूर्वी दंगली आणि बॉम्बस्फोट पाहिलेल्या शहरात त्या दुपारी अनोळखी माणसे एकमेकांना चमचा देत होती, हेही मला विसरता येत नाही. दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर आहेत, आणि एकीसाठी दुसरी पुसून टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आता कार्यालयाची बाजू. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे प्रयत्न केले तो त्यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर आधी अध्यादेश म्हणून व डिसेंबर २०१३ मध्ये अधिनियम म्हणून आला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळविणे व लोकांना फसविणे हा त्यानुसार गुन्हा आहे. साप, विंचू अथवा कुत्रा चावल्यावर रुग्णाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्र, गंडेदोरे करणे हाही गुन्हा आहे. वारी, यात्रा, कीर्तन, प्रवचन तसेच होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांचे कथन यांना हा कायदा बाधा आणीत नाही. तुकोबारायांची गाथा इंद्रायणीतून तरली हे कीर्तनकार सांगू शकतात. आमच्या तीर्थाने मधुमेह बरा होतो असे आम्ही छापू शकत नाही.

छापू नये याचे कारण मात्र केवळ कायदा नव्हे. कायद्याच्या काही वर्षे आधी ठाण्याकडील एक गृहस्थ वडिलांना घेऊन दर्शनास आले होते. देणगीची रक्कम मोठी होती. पावती लिहिताना ते आनंदाने म्हणाले की, देवाच्या अंगाऱ्याने वडिलांना इतके बरे वाटते की महिन्याभरापासून गोळ्या बंद केल्या आहेत. मी मान डोलावली आणि पावती फाडून दिली. रांग मोठी होती, दुपारचे जेवण व्हायचे होते, आणि देणगीदाराला खिडकीत उभे करून उपदेश करणे बरे दिसले नसते, अशी कारणे मी पुढे स्वतःला सांगितली. पुढच्या वर्षी ते एकटेच आले. त्यांनी मला काही म्हटले नाही. नेहमीची देणगी दिली आणि पावतीवर या वेळी वडिलांच्या नावामागे कैलासवासी लिहावयास सांगितले.

त्यानंतर विश्वस्त मंडळापुढे विषय ठेवला आणि पावतीच्या मागे एक ओळ छापावयास मंजुरी मिळाली. तीर्थ व अंगारा घेणाऱ्या भाविकांनी डॉक्टरांचे औषध चालू ठेवावे, अशी ती ओळ आहे. ठसा लहान असल्याने ती कोणी वाचत नाही असा अनुभव आहे. म्हणून आता आजाराचा उल्लेख झाला की खिडकीतील कर्मचारी तोंडीही सांगतात. त्यास कोणी अश्रद्धा समजू नये.

नवस फेडल्याची नोंदवही कार्यालयात पूर्वीपासून आहे. नाव, गाव, वस्तू आणि कारण असे तिचे रकाने. वस्तूच्या रकान्यात नारळ, पाळणा, घंटा, समई असे सापडते. कारणाचा रकाना भरण्याची सक्ती नाही, तरी पुष्कळजण भरतात. 'चमत्कार' हा शब्द लिहू दिला जात नाही, काय झाले तेवढे लिहावे असे सांगितले जाते. जुन्या पानांवर गिरणीत बदलीचे कायम झालो, खोलीची पागडी जमली, मुलगा आखातात लागला अशा नोंदी आहेत. अलीकडे शस्त्रक्रिया, कर्ज, परीक्षा अधिक दिसतात. गेल्या चैत्रात विरारकडील एका इमारतीतील सात कुटुंबे मिळून एक पितळी घंटा वाहून गेली. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिले आहे, 'नळाला पाणी आले.'